अकरा फुल्यांची काच

गिरगाव,
२२ ऑगस्ट १९९९

लहू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घालशील, असं ललिता म्हणते. ललिता म्हणजे माझी बायको. आमच्या लग्नात तू जिच्याकडून पाच वेळा जिलबी मागून घेतलीस ती. मी तिला म्हणालो, लहू शिव्या देईल, पण वाचेल. सतरा वर्षांत माणूस किती बदलतो ते मला ठाऊक नाही. मी फारसा बदललेलो नाही, एवढं सांगतो.

कामाचं आधी. दयानिधी मिलचं साड्या विणायचं साळखातं होतं तिथे आता आठ मजली काचेची इमारत उभी आहे आणि तिच्यात आपल्या धाकट्या शेठची कॉम्प्युटर कंपनी आहे. धाकट्या शेठना टक्कल पडलंय, पण लहर तीच. अमेरिकेहून शिकून आल्यावर ऐंशी साली त्यांनी मिलमध्ये जो कॉम्प्युटर आणला होता, दोन गोदरेज कपाटांएवढा, आणि त्याला जोडलेला साड्यांची नक्षी काढायचा तो गोल पडदा, ते सगळं त्यांना इमारतीच्या दर्शनी दालनात मांडायचं आहे. नुसतं मांडून चालणार नाही, चालू हवं. दसऱ्याला उद्घाटन. ते यंत्र चालवलेला माणूस मुंबईत एकच उरलाय, आणि त्याच्या प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कागदी फितीही त्याच्याच घरी बिस्किटांच्या डब्यात आहेत. मिल बंद झाली तेव्हा मी त्या उचलून आणल्या होत्या. चोरल्या म्हण हवं तर.

यंत्र शोधायला तीन आठवडे गेले. शेठची माणसं म्हणाली, भंगारात गेलं असेल. मी ते मानलं नाही. भंगारवाला तांबं नेईल, लोखंड नेईल, एवढी जड काच कोण नेईल? कुर्ल्याचे दोन भंगारवाले पालथे घातले, मिलचे जुने कारकून गाठले, तेव्हा एकाला आठवलं की पंच्याऐंशी साली तीन ट्रक कॉटन ग्रीनच्या एका गोदामात गेले होते. तिथे गेलो. कपाटं दाराशीच होती, गंजून पार लाल झालेली. उंदरांनी वायरींची वेष्टणं कुरतडली होती आणि आत पिल्लंही घातली होती. मी हाय खाल्ली. मग मागच्या कोपऱ्यात पडदा दिसला. चार विटांवर ठेवलेला, जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधलेला. सोडून पाहिला तर आत धूळ नाही, ओल नाही. सगळं गोदाम कुजलं आणि ही एक वस्तू कुणीतरी बाळंतिणीसारखी सांभाळली होती.

सांभाळणारा गोदामाचा वॉचमन. मला बघून तो स्टुलावरून उठला नाही. मीच ओळखलं.

जगन. हो, तोच. तुझ्याच चाळीतला, तुझ्या समोरच्या ओळीत काम करणारा. ज्याचं नाव निघालं की डिलाईल रोडची तुमची चाळ अजून थुंकते तो. ब्याऐंशीचा संप सुरू झाल्यावर मिलच्या भाडोत्री माणसांनी ज्या अकरा जणांना गाठून मारलं त्यांची नावं ज्याने दिली, आणि त्या अकरांत तुझा भाऊ चंदू होता, असं सगळे धरून चालतात, तो जगन. त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नव्हता, हे तुला आठवत असेल. गोधडी तिच्याच लुगड्यांची.

मी त्याला विचारलं, एवढं जपून का ठेवलंस. तो म्हणाला, "तुमी येतलात म्हणान." बस्स. मी पुढे विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. कंपनी जुन्या कामगारांना उद्घाटनाला बोलावणार आहे आणि यादीत तुझं नाव आहे. पत्ता मीच दिला, द्यावा लागला. तुला छापील निमंत्रण येईल. तू येऊ नकोस. देवबागहून एसटीने चौदा तास, तुझे गुडघे, आणि पाहायला आहे काय? काच आणि कुंड्या. शेवंतावहिनींनाही ती दगदग सोसायची नाही. तिथे आपलं काही उरलेलं नाही, लहू.

तुझा (अजून म्हणू देशील तर)
रघुवीर


गिरगाव,
१४ सप्टेंबर १९९९

लहू,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी दोन ओळी, आणि त्याही जणू माझ्यावर उपकार म्हणून. "दसऱ्याक येतंय. चंदूचो साचो खंय होतो तेवढो दाखव." ललिता जिंकली का मी, ते ठरत नाही.

साचा हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकलो. आम्ही ऑफिसातले लोक लूम म्हणायचो आणि तू हसायचास. म्हणायचास, लूम कापड विणतो, साचो माणसाक विणता. डब्याच्या सुट्टीत तू कॉम्प्युटरच्या खोलीच्या मागच्या जिन्यावर यायचास आणि मी, चार पिढ्यांचा गिरगावकर शाकाहारी, तुझ्या डब्यातली सुकी करंदी खायचो आणि वर वेलची चघळून घरी जायचो. ललिताला ते अजून माहीत नाही. पत्र ती वाचत नाही, म्हणून लिहितोय.

चंदूचा साचा कुठे होता ते मी दाखवीन. अठ्ठ्याऐंशी नंबर, तिसरी ओळ. आता तिथे लिफ्ट आहे.

काम कसं चाललंय ते विचारलं नाहीस, तरी सांगतो. यंत्राला एकशे दहा व्होल्ट लागतात, त्यासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. वायरी बदलल्या, एकेक जोड खरवडून साफ केला. जुने कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारे डबे. इतकी वर्षं पडून राहिलेले. एकदम दाब दिला तर फुटतात. म्हणून डिमरस्टॅट लावून थोडा थोडा दाब वाढवायचा, आज वीस व्होल्ट, उद्या चाळीस, हाताने डबा गरम झालाय का पाहायचं, आणि पुन्हा बंद. आजारी माणसाला पेज पाजतात तसं. कंपनीतली पोरं येऊन बघतात आणि विचारतात, काका, सगळं एकदम चालू का नाही करत? मी म्हणतो, करतो, तुम्ही जवळ उभे राहा.

गेल्या मंगळवारी पहिल्यांदा कॉम्प्युटरने फीत वाचली. मला रडूच आलं. हसू नकोस.

पडद्याची मात्र अडचण आहे. एकच चित्र महिनोन्‌महिने पेटतं ठेवलं की काचेच्या आतला लेप जळतो आणि ते चित्र कायमचं उमटून बसतं. पडदा बंद असला तरी दिसतं, तिरपा उजेड पडला की तपकिरी रेघा. आपल्या पडद्याचं तेच झालंय. संपाच्या तोंडावर मॅनेजरसाहेबांनी साळखात्याचा नकाशा पडद्यावर काढून ठेवायला सांगितला होता. दोनशे चाळीस साचे, दोनशे चाळीस चौकोन, प्रत्येकात नंबर. तो नकाशा दहा महिने बंद केला नाही, कारण साहेबांना तो रोज सकाळी समोर लागायचा. आता त्यावर साडीची नक्षी काढली तरी खालून साचे दिसणार.

सुदैवाने त्या वेळी सुट्या भागांसाठी म्हणून दुसरा पडदा मागवलेला होता. त्याची पेटीच कुणी फोडली नव्हती, ती त्याच गोदामात सापडली. त्यातली काच कोरी आहे. जुनी काढून ती बसवतो. डागी काच पाहुण्यांना दाखवायची नाही, एवढंच कारण.

जगन रोज दुपारी येतो. कॉटन ग्रीनहून चालत. सिक्युरिटीवाला त्याला आत घेत नाही, म्हणून मी माझा माणूस म्हणून सही करतो. तो कोपऱ्यात बसून माझे हात बघतो. मी स्क्रू काढताना त्याने बघू नये असं मला वाटतं, पण तसं सांगता येत नाही.

तू येणारच असशील तर ये. मी येऊ नकोस म्हटलं होतं, एवढी नोंद असू दे.

रघुवीर


गिरगाव,
३ ऑक्टोबर १९९९
(हे टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही.)

लहू,

काल जुनी काच काढायला घेतली. काढण्याआधी तिच्यात साठलेली वीज उतरवावी लागते. लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून मी ते करत होतो, तेव्हा जगन उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, काच बदलू नका. मी विचारलं, का रे बाबा. तो म्हणाला, उन्हात धरा, मग सांगतंय.

मला माहीत होतं तो काय दाखवणार ते. तरीही आम्ही दोघांनी ती उचलून दारापाशी नेली. दुपारचं ऊन तिरपं येत होतं. चौकोन दिसले, नंबर दिसले. आणि चौकोनांवर फुल्या दिसल्या. जगन बोटाने एकेक दाखवत गेला. बोट काचेला लावलं नाही, वरच्या वर धरलं.

"अकरा आसत. पंच्याऐंशी सालात मोजलंय. रोज मोजलंय."

चंदूच्या चौकोनावर फुली आहे, लहू. मागच्या पत्रात मी नकाशाचं लिहिलं आणि फुल्यांचं लिहिलं नाही.

त्याने मला विचारलं, कॉम्प्युटरच्या खोलीत तो कधी आला होता का. मी म्हणालो, नाही. त्या खोलीला कुलूप असायचं आणि किल्ल्या दोनच, एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. मग त्याने विचारलं, ह्या फुल्या कुणी मारल्या. तो म्हणाला की चौदा वर्षं तो वाट बघतोय. चाळीत ही काच घेऊन गेला असता तर लोक म्हणाले असते, बघा, आता भंगार दाखवतो. काच एकटी बोलत नाही. तिच्याशेजारी फुल्या मारणारा उभा राहून बोलला तरच ऐकलं जाईल. यंत्र न्यायला एक ना एक दिवस रघुवीरच येणार, दुसरं कोण येणार, असं त्याने धरलं होतं. मग तो म्हणाला, "माका मरायच्या आदी चाळीत एकदा मान वर करून जावचा आसा. दुसरा काय नको."

म्हणून तुला सांगतो. संपाच्या आधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साहेब माझ्या खोलीत आले. त्यांचं मराठी कामापुरतं, तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, साचे बंद पाडणारे कोण कोण ते नकाशावर फुली मारून दाखव. मी ऐकलं, बंद पडणारे. एका कान्याचा फरक. कारखान्यात बिघडलेल्या साच्यावर खडूने फुली मारायची पद्धत होतीच. मला वाटलं दुरुस्तीसाठी विचारतायत. फिटरांच्या वहीत पाहून सारखे बिघडणारे साचे मी शोधले आणि पडद्यावर लिहायच्या लाइट पेनने त्यांच्यावर फुल्या मारल्या. साहेबांना मात्र काम बंद पाडणारे, पुढारीपणा करणारे लोक हवे होते. त्यांनी फुल्या पाहून त्या साच्यांवरच्या माणसांची नावं उतरवून घेतली.

फेब्रुवारीत एकेकाला गाठायला सुरुवात झाली. चंदूला नाक्यावरून उचलला. चौथ्या दिवशी तो गेला.

चूक होती, लहू. भयंकर चूक, पण चूक.

जगनला मी म्हणालो, उद्घाटन होऊ दे, नंतर मी चाळीत येऊन सगळं सांगतो. त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही. काच काढून मी मागच्या स्टोअरमध्ये ठेवली, त्याच्याच गोधडीत.

रघुवीर


गिरगाव,
२१ ऑक्टोबर १९९९

लहू,

वरचं पत्र टाकलं नव्हतं. आज या पत्राबरोबर त्याच पाकिटात घालतोय. दोन्ही वाच, आणि आधीच्यात काय खोटं आहे ते खाली सांगतो.

परवा दसऱ्याला तू आलास. सत्तर-ऐंशी माणसं होती, तरी दारातून येताना चालीवरून ओळखलं. तू मला मिठी मारलीस. मी तयार नव्हतो. तू माझ्या कानात म्हणालास, "संपात कामार गेलस म्हणान मी तुझ्याशी बोलणा टाकलंय. पोटासाठी गेलेलस, माका तेवा कळाक नाय." तू माझी माफी मागत होतास. सतरा वर्षं आपण बोललो नाही त्याचं कारण तुझ्या मते एवढंच होतं.

मग धाकट्या शेठनी बटण दाबलं आणि कोऱ्या काचेवर हिरव्या रेघांनी कुयरी उमटत गेली. टाळ्या पडल्या. तू टाळ्या वाजवल्या नाहीस, मला विचारलंस, साच्यांचा नकाशा कुठे आहे, कार्डावर लिहिलं होतं ना मी, चंदूचा साचा दाखव म्हणून. मी म्हणालो, ते चित्र आता नाही. तू लिफ्टच्या दारापाशी जाऊन उभा राहिलास, चप्पल काढून. लोक लिफ्टमधून येत-जात होते.

तेवढ्यात जगन आला. इस्त्रीचा गणवेश, केसांना तेल. त्यालाही छापील निमंत्रण होतं, मीच यादीत घातलं होतं. तो सरळ तुझ्याकडे यायला निघाला. तू वळलास, त्याला पाहिलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ह्येका कोणी बोलावल्यान?"

सगळे बघू लागले. चाळीतल्या चौघांनी तोंडं फिरवली. जगनने तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्यात आणि त्याच्यात चार पावलं होती. मला फक्त, मी बोलावलं आणि का ते सांगतो, एवढं म्हणायचं होतं. मी यंत्राकडे वळलो आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त करत बसलो. सिक्युरिटीवाल्याने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं.

तुला एसटीत बसवलं तेव्हा तू म्हणालास, बरा झाला बोलणा झाला. मी हो म्हणालो. माझी मला किळस आली.

आज सकाळी स्टोअरमध्ये गेलो. काच नाही. सिक्युरिटीच्या वहीत काल दुपारची नोंद आहे: जगन, एक नग जुनी काच, रघुवीरसाहेबांच्या परवानगीने. तो रोज माझ्या सहीने यायचा, म्हणून कुणी अडवलं नाही. कॉटन ग्रीनला गेलो तर गोदामाला कुलूप. शेजारचा हमाल म्हणाला, गावी गेला, लहूच्या गावाला जातो म्हणाला, मांडीवर गोधडीत काहीतरी मोठं गोल होतं.

मी तार करायला गेलो. फॉर्म हातात घेऊन उभा राहिलो. तारेत काय लिहू? जगन खरं बोलतो, एवढे तीन शब्द लिहिले आणि पाठवले. आज संध्याकाळपर्यंत मिळाले तर बरं. पण त्याआधी तो पोचला असेल. हे पत्र तर आणखी चार दिवसांनी पोचेल. सतरा वर्षं मला सगळ्यांत आधी सांगायची संधी होती.

आता खोटं काय ते.

मी पडणारे ऐकलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, "बंद पाडनारा कोन कोन," आणि मी नीट ऐकलं होतं. कोण कोण म्हणाले, कोणते नाही म्हणाले. साच्याला कुणी कोण म्हणत नाही. ते माणसं मागत होते. पण साळखात्यात पुढारी कोण ते मला माहीत नव्हतं, माहीत नाही म्हटलं तर खोली जाईल, यंत्र जाईल, या भीतीने मी उद्या देतो म्हणालो. मग मला एक हुशारी सुचली. पाडणाऱ्यांच्या जागी पडणारे साचे द्यायचे. साहेबांना अकरा फुल्या मिळतील, खऱ्या पुढाऱ्यांचा केस वाकडा होणार नाही, आणि बिघडलेल्या साच्यावरच्या माणसाचं कुणी काय करणार? त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो, लहू. गिरगावातून साखरेची पुडी नेली होती.

फिटरांची वही मी पाहिली नव्हती. वही मला कुणी दिली नसती. मी विचारलं होतं एका माणसाला, जिन्यावर, करंदी खाताखाता. कुठले साचे सारखे बंद पडतात रे? त्याने बोटांवर मोजत सांगितले. शेवटचा सांगताना हसला आणि म्हणाला, "आमच्या चंद्याचो अठ्ठ्याऐंशी तर रोज रुसता."

हे तुला लिहू की नको, यात सकाळपासून तीन कागद फाडले. जगनला हे माहीत नाही. फुल्या मी मारल्या, एवढंच तो सांगेल. पण काच पाहिलीस की तू विचार करशील, रघ्या कधी साळखात्यात पाऊल टाकत नव्हता, त्याला हे नंबर कळले कुठून. आणि मग तुला जिना आठवेल. तू एकटा बसून ते आठवावंस, आणि तेव्हा सांगायला कुणी नसावं, हे मला सोसणार नाही. म्हणून मीच सांगतो. तू मित्राशी गप्पा मारत होतास. तुझ्या भावाच्या साच्याची चेष्टा केलीस. त्याचं पुढे काय होणार हे तुला कळायला काही मार्ग नव्हता. मला होता.

अठ्ठ्याऐंशी वगळता आला असता. मला सुचलंही होतं. पण तो तुझा भाऊ हे साहेबांना माहीत होतं, आणि तू माझा मित्र हेही. वगळला असता तर मी आपल्या माणसाला वाचवतोय असं दिसलं असतं. म्हणून मारली. बाकी दहा मी न बघता मारल्या, ती बघून मारली.

आणि जगन. चंदूच्या दिवसांना मी चाळीत आलो होतो. तू भिंतीला टेकून बसला होतास. तू मला विचारलंस, तू आत असतोस, संपात आपल्यातला कोण ऑफिसात येऊन गेला? मी म्हणालो, जगन आला होता एकदा. ते खरं होतं. तो आईच्या इस्पितळासाठी कामगार विम्याच्या कार्डावर शिक्का घ्यायला आला होता. तेवढं मी सांगितलं नाही. चार शब्दांचं वाक्य, त्यातला एकही खोटा नाही. खोलीत पंधरा माणसं होती. मी जिना उतरेपर्यंत ठरून गेलं होतं.

आज दुपारी मी डिलाईल रोडला जाऊन आलो. मंडळाच्या खोलीत चाळीतले सातजण पत्ते खेळत होते. मी उभा राहून हे सगळं सांगितलं, तुझा भाग सोडून. तिथे मी म्हणालो, नंबर मी कुठून मिळवले ते माझं मी बघेन. ते तू कुणाला सांगायचंस की नाही ते तुझं. एकाने उठून मला ढकललं, दुसऱ्याने त्याला धरलं. मी लिहून आणलेला कागद सही करून त्यांच्याकडे दिला. जगन आला की त्याच्यापुढे मोठ्याने वाचा, असं सांगितलं. ते वाचतील की फाडतील ते माहीत नाही. परतताना मी रस्ता चुकलो, ज्या रस्त्याने वीस वर्षं गेलो तो.

ललिताला सांगितलं. ती स्वयंपाकघरात आहे, भांडी वाजत नाहीत.

तू मला उत्तर लिहू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर मात्र लिही.

आता काचेबद्दल, कारण ती तुझ्या घरात असेल आणि तिच्याबद्दल सांगू शकणारा माणूस मीच आहे. मागे बारीक काचेची मान निघालेली आहे, तिला हात लावू नका. ती पालथी घालून गोधडीवर ठेवा. बघायची असेल तर दारात, ऊन उतरताना, तिरपी धरा. समोरून काही दिसत नाही. आणि कितीही राग आला तरी ती आपटू नकोस, लहू. आत हवा नसते. फुटली तर ती आधी आत ओढली जाते आणि मग काचा उडतात, समोर बसलेल्याच्या तोंडावर, डोळ्यांत. समोर जगन बसलेला असेल. आपटायचीच असेल तर त्याला आधी घरात घे, दार लाव, मग एकटा जाऊन लांब समुद्रात टाक.

रघुवीर